आगाऊ एमा की उधळी बेकी?

हलकीफुलकी प्रेमकथा हवी, पण नायिका गोडगोड नको, असं कुणी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर दोन पुस्तकं येतात. जेन ऑस्टेनची ‘एमा’ (१८१५) आणि सोफी किन्सेलाच्या शॉपहोलिक मालिकेतलं पहिलं पुस्तक (२०००), ज्याची नायिका बेकी. मी दोन्ही वाचली आहेत. दोन्ही नायिकांचा राग येतो, आणि तो लेखिकांनी जाणूनबुजून आणलेला आहे. ही नायिका माझ्याशिवाय फारशी कुणाला आवडायची नाही, असं एमाबद्दल खुद्द ऑस्टेनच म्हणाल्याचं सांगतात.

वाचायला बेकी सोपी, यात वाद नाही. लोकांना पैसे सांभाळायला शिकवणाऱ्या मासिकात नोकरी आणि स्वतः कर्जात बुडालेली. बँकेला पाय मोडल्याची, आजारपणाची कारणं कळवते. त्यावर मॅनेजरची सभ्य उत्तरं येतात, ती वाचताना खूप हसू येतं. एमात मात्र सुरुवातीला फारसं काही घडत नाही. दिवसभराच्या कामानंतर डोकं चालत नसेल, तर बेकीच बरी.

पण बेकीच्या बाबतीत माझा धीर एका गोष्टीने संपला. आता काटकसर, असा निश्चय ती करते आणि दोन-चार पानांत तो मोडते. पुन्हा निश्चय, पुन्हा खरेदी. स्कार्फसाठी वीस पौंड कमी पडतात, तेव्हा आजारी मावशीची थाप मारून ती ल्यूककडून, म्हणजे कथेच्या नायकाकडून, पैसे घेते. सगळं तिच्याच तोंडून ऐकायचं, त्यामुळे तिच्या सबबींतून सुटका नाही. शेजाऱ्यांना बेफिकिरीने दिलेला सल्ला त्यांना महागात पडतो, तिथे कुठे ती खरी हलते. तो भाग चांगलाच आहे, पण तोवर मी पानं चाळायला लागलो होतो.

एमाही कमी नाही. आपली मैत्रीण हॅरिएट हिला आलेलं चांगलं स्थळ ती मोडायला लावते, तेव्हा मला तिची चीड आली होती. पण बॉक्स हिलची सहल येते. एक तरी चटकदार बोला, नाहीतर तीन रटाळ गोष्टी बोला, असा खेळ निघतो. मिस बेट्स बिचारी म्हणते, तीन रटाळ गोष्टी तर मी तोंड उघडताच बोलेन. एमा पटकन म्हणते, अडचण एवढीच की एका वेळी तीनच बोलता येतील. मिस बेट्सला टोमणा कळायला क्षणभर लागतो, मग ती लाल होते. ती गरीब आहे, एमाला लहानपणापासून ओळखते. एमाच्या घरचा जुना स्नेही नाइटली तिला बाजूला गाठून स्पष्ट सुनावतो. एमा परतताना गाडीत रडते आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच मिस बेट्सच्या घरी जाते.

वाचक म्हणून मला एवढंच हवं असतं: जे मला खटकतंय ते पुस्तकातल्या कुणीतरी तिला तोंडावर सांगावं, आणि तिने ते ऐकावं. प्रत्येकाचं असंच असेल असं नाही. पण एकच पुस्तक घ्यायचं असेल, तर एमा घ्या आणि बॉक्स हिलपर्यंत तरी सोडू नका.