मेलबर्नमधलं आमचं इंडियन किराणा दुकान: ४ स्टार

मुलीला सीलिअ‍ॅक (गव्हातलं ग्लूटेन न चालणारा आजार) आहे त्यामुळे साधं हिंग घेताना पण पाकीट उलटून बघावं लागतं, कारण बांधानी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. ऑस्ट्रेलियात गहू, तीळ, शेंगदाणा, काजू वगैरे लेबलवर ठळक अक्षरात नाव घेऊन लिहायचं हे २५ फेब्रुवारी २०२४ पासून सक्तीचं झालंय, आणि आमच्यासारख्यांना त्याचा केवढा आधार वाटतो! इथे बहुतेक मालावर लेबल नीट असतं, फक्त मागच्या महिन्यात चकलीच्या पाकिटावर इम्पोर्टरचा स्टिकर नेमका घटकांच्या यादीवरच चिकटवलेला. दाखवल्यावर काकांनी तिथल्या तिथे सगळी पाकिटं शेल्फवरून काढली, वाद नाही काही नाही. एक स्टार त्या स्टिकरसाठी कापलाय. ज्वारीचं पीठ मात्र एकदम ताजं, भाकरी फुगते.