यूपीएस आणि नवा एसएमपीएस: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या मार्चपासून घरचा पीसी मधेच बंद पडायला लागला. दहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, १६ जीबी रॅम, एसएसडी, कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस (बोर्डातली वीज पीसीच्या भागांना पुरवणारा डबा). जागा अमळनेर, माडीवरची पत्र्याची खोली. माय म्हणाली, "त्याले बी ऊन लागनं व्हई." शेजारच्या भाऊचा सल्ला होता, "फॉरमॅट मारी दे, समदं ठीक व्हई जाई." दुरुस्तीवाल्याने दोनदा फॉरमॅट मारला, दोन्हीदा पैसे घेतले, आणि चौथ्या दिवशी मशीन पुन्हा आडवं. माय निम्मी बरोबर निघाली, पण ते कळायला महिना गेला.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदवहीत, प्रत्येक वेळी 'कर्नल-पॉवर ४१' दिसायचं. त्यावर लोक फार भरवसा ठेवतात. त्याचा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाउन न होता बंद झालं. का झालं, ते त्यात नसतं. विंडोज कोसळल्यावर दिसणारा निळा स्क्रीन एकदाही आला नव्हता, म्हणून सॉफ्टवेअरचा नाद सोडला आणि वहीत वेळा लिहायला लागलो.

वहीत दोन वेगळे आजार दिसले. दुपारी बंद पडायचं तेव्हा आधी पंखा घोंघावायचा, माउस अडखळायचा, मग काळोख. सकाळी मात्र काही सूचना नाही, एकदम गप्प आणि लगेच आपोआप चालू. आणि या सकाळच्या सगळ्या तारखा नळाला पाणी येण्याच्या निघाल्या! पाणी आलं की गल्लीतल्या मोटारी एकदम सुरू होतात. मल्टीमीटर लावून बसलो तर २३० व्होल्टच्या जागी १८० च्या आसपास, आणि आमची स्वतःची मोटार लागली की आणखी खाली. जुना एसएमपीएस तेवढा झोलही सहन करत नव्हता.

दुपारचा दोष माझाच. गार हवा मिळावी म्हणून कॅबिनेट कूलरसमोर ठेवलं होतं. कूलरची ओली हवा आणि आपल्याकडची धूळ मिळून हीटसिंकवर (प्रोसेसरची उष्णता ओढणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) नमदा जमला होता. शिवाय प्रोसेसरवर बसणाऱ्या इंटेलच्या पंख्याची चारपैकी एक पिन निसटलेली. प्रोसेसर ९८ अंशांवर जात होता. या चिपची मर्यादा १०० आहे. ब्रशने साफ केलं, प्रोसेसर आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट बदलली, पिन टक् आवाज येईपर्यंत दाबली. त्याच कामाला ७५ च्या आत आला. खर्च पेस्टच्या ट्यूबपुरता.

एप्रिलअखेरीस ५५० वॉटचा ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा) एसएमपीएस आणि १००० व्हीएचा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस घेतला. यूपीएस घेताना एव्हीआर, म्हणजे व्होल्टेज सांभाळणारा भाग, आहे का, ते आवर्जून पाहा. व्होल्टेज पडलं की तो बॅटरीला हात न लावता ते वर उचलतो. पाण्याच्या दिवशी आतला रिले टक्-टक् करतो, पीसीला पत्ताही लागत नाही. मे महिना असाच निघाला.

तक्रारीही आहेत. वीज गेल्यावरची बीप रात्री अख्खं घर उठवते. ती बंद करायचं बटण माहितीपुस्तकात सापडायला मला दोन महिने लागले. सोबतचं सॉफ्टवेअर काढून टाकलं. सुरुवातीला बॅकअप वीस मिनिटांचा होता, आता तेराचा. लेड-ॲसिड बॅटरीला उष्णता मानवत नाही आणि मी ती ऐन उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवली. आता खाली जिन्याजवळ नेणार आहे.

ऑगस्टमध्ये एकदा निळा स्क्रीन आलाच, 'मेमरी मॅनेजमेंट'. रॅम काढून टोकं खोडरबरने पुसली, पुन्हा बसवली, रात्रभर मेमटेस्ट ८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवला. एकही चूक नाही, त्यानंतर तक्रारही नाही. दमट हवेने टोकं धरली असावीत, एवढाच माझा अंदाज.

आज पुन्हा हेच घेईन का? हो, पण क्रम उलटा ठेवीन: आधी साफसफाई, मग एसएमपीएस, मग यूपीएस. आणि या सगळ्याआधी वायरमन. यूपीएस बसवायला आला तेव्हा त्याने बोर्ड उघडून दाखवलं, अर्थिंगची तार कुठेच जोडलेली नव्हती. कॅबिनेटला हात लागला की मुंग्या यायच्या त्या त्यामुळेच. घरात सगळ्यांना त्याची सवयच झाली होती.