गे अ‍ॅप, पण फक्त गप्पांसाठी: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधीच सांगतो, जोडीदार शोधायला किंवा रात्रीपुरती भेट ठरवायला कुठलं अ‍ॅप बरं, हे हवं असेल तर पुढचं वाचण्यात वेळ घालवू नका. मला जोडीदार आहे. विणकाम, लांब पल्ल्याचं धावणं आणि युरोव्हिजन (युरोपातल्या देशांची गाण्याची स्पर्धा) यांपैकी कशातच त्याला काडीचा रस नाही. मला तिन्हींत आहे. स्ट्रेट मित्रांशी या गोष्टी बोलता येतात, पण बोलण्याच्या ओघात घरातल्या माणसाचा उल्लेख आला की काहींसमोर वाक्य सावरून घ्यावं लागतं. ते सावरणं जिथे लागणार नाही अशी जागा हवी होती. म्हणून गे पुरुषांसाठीचं एक अ‍ॅप निव्वळ गप्पांसाठी घेतलं आणि काही महिने जवळजवळ रोज वापरलं. नाव लिहीत नाही. तक्रारी बऱ्याच आहेत, आणि त्यातल्या बहुतेक या जातकुळीतल्या सगळ्याच अ‍ॅपना लागू पडतील.

उघडलं की समोर येते फोटोंची जाळी. सगळ्यात जवळचा माणूस सगळ्यात वर, मग त्याच्या पुढचा, मग त्याच्या पुढचा. 2009 साली गे पुरुषांसाठीचं ग्राइंडर हे अ‍ॅप आलं तेव्हा आयफोनमध्ये जीपीएस येऊन वर्षही झालं नव्हतं, आणि तेव्हापासून ही मांडणी जी चिकटली ती सुटायला तयार नाही. भेटायचं असेल तर ती चोख आहे, याबद्दल वाद नाही. गप्पांसाठी मात्र तिचा काही उपयोग नाही. तीनशे मीटरवरचा माणूस काय वाचतो, कशावर चिडतो, त्याला झाडं लावायला आवडतात की नुसती विकत घेऊन मारायला, यातलं काहीच अंतरावरून कळत नाही. ‘हाय’. ‘हाय’. ‘काय शोधतोयस?’ ‘गप्पा.’ यानंतर बहुतेकदा शांतता. त्यांचीही चूक नाही म्हणा. ते ज्या कामासाठी आलेत ते काम माझ्याकडे नाही.

प्रोफाइल वाचत बसणं हा मात्र स्वतंत्र, थोडा उदास करणारा छंद आहे. ‘बायकी नको.’ ‘जाड असाल तर मेसेज करू नका.’ ‘चाळिशीच्या पुढचे कृपया नको.’ ‘कृपया’ घातलं की अपमान सभ्य होतो, असा समज दिसतो. आयुष्यभर ‘तू असा कसा’ हे ऐकलेली माणसं स्वतःचं खातं उघडल्यावर पहिलं काम कुठलं करतात, तर दुसऱ्याला ‘तू तसा नकोस’ हे सांगतात. ग्राइंडरने 2020 साली वंशानुसार माणसं गाळायची सोय काढायचं जाहीर केलं. चांगलं केलं, पण सोय काढली तरी लोक तेच हाताने लिहितात. मी वापरतो त्या अ‍ॅपच्या नियमांत असं लिहायला बंदी आहे. दोन-तीनदा तक्रार करून पाहिली, ‘तपासत आहोत’ असं उत्तर आलं, ओळी अजून जागच्या जागी आहेत.

पहिले काही आठवडे एवढंच पाहत होतो आणि अ‍ॅप काढूनच टाकणार होतो. मग कोपऱ्यातल्या एका बारीक चिन्हामागे ग्रुप सापडले. हे पहिल्याच पडद्यावर का नाही ठेवलं, देव जाणे. जाळी पाहताना दर थोड्या वेळाने जाहिरात येते, ग्रुपमध्ये फारशी येत नाही. उत्तर तिथेच असावं. ग्रुपला अंतर नाही, आवड आहे. बागकाम, बुद्धिबळ, मांजरं, जुने कॅमेरे, पाठदुखी (हा फार चालतो), नव्याने एकत्र राहायला लागलेल्यांचा ग्रुप, ‘सगळ्या गे लोकांना आवडतं पण मला नाही’ असा एक निव्वळ तक्रारींचा ग्रुप. या शेवटच्यात मी फार रमतो. जिम न आवडणारे, पार्टीत कंटाळणारे, कपड्यांतलं काही न कळणारे, एकेक जण येऊन कबुलीजबाब देतो आणि बाकीचे टाळ्या वाजवतात. एकाने लिहिलं, ‘मला युरोव्हिजन सहन होत नाही.’ त्यावर मात्र टाळ्या पडल्या नाहीत.

युरोव्हिजनचा ग्रुप वर्षभर मरगळलेला असतो आणि अंतिम फेरीच्या आठवड्यात आवरत नाही. 1998 साली ट्रान्स गायिका दाना इंटरनॅशनल जिंकली, 2014 साली दाढीवाली ड्रॅग गायिका कोंचिता वुर्स्ट, या दोन रात्री कुणी कुठे बसून पाहिल्या हे सांगणारे तिथे हमखास भेटतात. पण खरा रंग चढतो तो परीक्षक विरुद्ध प्रेक्षक या भांडणाला. 2023 साली प्रेक्षकांची सर्वाधिक मतं फिनलंडला पडली, परीक्षकांच्या गुणांवर स्वीडन जिंकलं. अजूनही कुणी ‘स्वीडन’ एवढा शब्द टाकला की पुढचा तासभर मेसेज थांबत नाहीत. तज्ज्ञांची मतं निम्मी का धरायची, मग प्रेक्षकांना विचारताच कशाला, शेजारी देश एकमेकांना गुण देतात त्याचं काय. मी परीक्षकांच्या बाजूचा आहे. त्यामुळे मला तिथे फारसे मित्र नाहीत.

ज्याच्यासाठी मी हे अ‍ॅप ठेवलं आहे तो ग्रुप विणकामाचा. तिथले निम्मे लोक टॉम डेली या गे ब्रिटिश डायव्हरमुळे आलेले. टोकियो ऑलिम्पिक 2021 साली झालं, त्यात मॅटी लीबरोबर दहा मीटरवरून जोडीने सूर मारून त्याने सुवर्ण जिंकलं, आणि पुढे प्रेक्षकांत बसून विणत असलेला त्याचा फोटो जगभर फिरला. पदकाला ओरखडे पडू नयेत म्हणून त्याने छोटी पिशवीही विणली होती. ‘पुरुष कुठे विणतात का’ असं आयुष्यभर ऐकलेल्यांना तो फोटो म्हणजे भांडणातलं हुकमी पान मिळालं.

या ग्रुपमध्ये साठी ओलांडलेले एक गृहस्थ आहेत. सगळे त्यांना काका म्हणतात आणि ते प्रत्येक नव्या माणसाला ‘काका म्हणायचं नाही’ असं बजावतात. मध्यंतरी एका मुलाने अर्ध्या मफलरचा फोटो टाकला: ‘सगळं उसवतंय, काढून परत सुरू करू का?’ फोटो मोठा करून पाहिला तर मधला एक टाका सुईवरून निसटून बऱ्याच ओळी खाली गेला होता आणि त्याच्या वर सुट्या आडव्या धाग्यांची शिडी झाली होती. काकांचं उत्तर लगेच आलं. ‘काढू नकोस. आधी त्या खालच्या फासात सेफ्टी पिन अडकव, म्हणजे अजून खाली जाणार नाही. सुलट बाजू तुझ्याकडे ठेव. क्रोशाची सुई आहे? फासात समोरून घाल, त्याच्या लगेच वरचा आडवा धागा पकड, फासातून ओढून घे. झाला नवा फास. आता त्याच्या वरचा धागा. एकही सोडायचा नाही, घाई करायची नाही.’ पोरगा प्रत्येक धाग्यानंतर फोटो टाकत होता आणि आम्ही सामना पाहावा तसे पाहत होतो. शेवटी टाका सुईवर परत आला, बाकीच्यांपेक्षा जरा ढिला. ‘धुतलंस की बसेल,’ काका म्हणाले. मग कुणीतरी विचारलं, मफलर कुणासाठी. ‘त्याच्यासाठी,’ एवढंच उत्तर. तो कोण, केव्हापासून, घरी माहीत आहे का, असलं काही कुणी विचारलं नाही. इतका गडद हिरवा त्याला शोभेल का, यावर मात्र पुढचा अर्धा तास गेला.

मला हवं होतं ते हेच. गे असणं हा तिथे विषयच नसतो, आणि तो विषय नसल्यामुळे बाकी सगळं बोलता येतं. जाळीत नेमकं उलट होतं: तिथे कुणालाच गे असण्याशिवाय दुसरं काही असायला वाव नाही.

काकांकडूनच एक जुनी गोष्ट कळली. 1983 साली, वेब जन्मालाही यायचं होतं तेव्हा, युझनेट या संगणकांवरच्या जुन्या चर्चा-जाळ्यावर नेट.मॉट्स नावाचा चर्चागट सुरू झाला, समलिंगी लोकांच्या गप्पांसाठी. पुढे त्याचं नाव सॉक.मॉट्स झालं आणि तिथली मंडळी प्रत्यक्ष भेटण्यासाठी संमेलनंही भरवू लागली. म्हणजे दुरून बोलणं आधी आलं, जवळ कोण आहे ते दाखवणारी जाळी त्यानंतर पंचवीसेक वर्षांनी. अ‍ॅप बनवणाऱ्यांनी हा क्रम जरा आठवून पाहायला हरकत नाही.

धावणाऱ्यांचा ग्रुपही चांगला आहे, जरा फुशारकीचा असला तरी. आपापल्या वेळा टाकायच्या आणि ‘आज पाय जड होते’ असं खाली लिहायचं, ही तिथली रीत. वर कायमचा एक मेसेज लावून ठेवला आहे: अ‍ॅलन ट्युरिंग, 1947, मॅरेथॉन, 2 तास 46 मिनिटं 3 सेकंद. पुढच्या वर्षीच्या ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकणारा धावपटू यापेक्षा जेमतेम अकरा मिनिटांनी जलद होता. संगणकाचा पाया घालणारा माणूस आपल्या सगळ्यांपेक्षा जोरात पळायचा, हे रोज सकाळी वाचायला लागतं. पाय आपोआप जमिनीवर राहतात. गे गेम्सला जायचे बेतही तिथेच शिजतात. 1968 सालच्या ऑलिम्पिकमध्ये डिकॅथलॉनमध्ये सहावा आलेल्या टॉम वॉडेलच्या पुढाकाराने 1982 साली सॅन फ्रान्सिस्कोत ते सुरू झाले, चार वर्षांनी एकदा होतात, आणि त्यात उतरायला पात्रतेची वेळ लागत नाही. माझ्यासारख्यांसाठी ही शेवटची माहिती सगळ्यात महत्त्वाची.

वाद होतात, आणि तेच ते पुन्हा होतात. आपल्या इंद्रधनुषी झेंड्याचा वाद तर ऋतूसारखा ठरलेला. एक बाजू म्हणते सहा पट्टे पुरेत, त्यात सगळे आलेच. दुसरी बाजू 2018 सालच्या डॅनियल क्वेझरच्या झेंड्याची, ज्यात डावीकडे काळे, तपकिरी आणि ट्रान्स झेंड्याचे रंग बाणासारखे येतात. पहिल्या बाजूला ‘मूळ झेंडा’ फार प्रिय, पण गिल्बर्ट बेकरने 1978 साली केलेल्या झेंड्याला आठ पट्टे होते. गुलाबी गेला तो त्या रंगाचं कापड पुरेसं मिळेना म्हणून, आणि वर्षभरात आणखी एक रंग गळून सहा उरले. पवित्र म्हणून जपावं असं मूळ रूप मुळात टिकलंच नाही, त्यामुळे मला पट्टे वाढण्याची भीती वाटत नाही. हे मी तिथे लिहिलं. कुणाचंही मत बदललं नाही.

देखरेखीबद्दल बोलायला हवं. ग्रुपवर नजर ठेवायला एक यंत्रणा आहे आणि तिला मराठीचा गंध नाही. त्यामुळे मराठीतली अस्सल शिवी बिनधास्त पार होते, आणि पोहण्याच्या स्पर्धेतला उघड्या छातीचा फोटो टाकणारा सज्जन माणूस दिवसभरासाठी गप्प केला जातो. मांजरांच्या ग्रुपमध्येसुद्धा एकदा असा प्रकार झाला. मांजरीने काय केलं असेल ते कळायला मार्ग नाही. दाद मागायची तर साचेबद्ध उत्तर येतं. काही ग्रुपमध्ये सदस्यांतूनच नेमलेली माणसं आहेत, तिथे कारभार कितीतरी बरा.

आता सुरक्षेचं, कारण आपल्यातले बरेच जण घरी किंवा कामावर आउट नाहीत, म्हणजे गे असल्याचं त्यांनी तिथे सांगितलेलं नाही. अंतर दाखवणं पहिल्या दिवशीच बंद करा. तीन वेगवेगळ्या जागांवरून तुमचं अंतर पाहिलं की तुम्ही नेमके कुठे आहात हे साध्या भूमितीने काढता येतं. ही युक्ती 2014 सालापासून उघड आहे. माझ्या अ‍ॅपमध्ये अंतर दाखवायचं बटण सेटिंग्जच्या तिसऱ्या पानावर लपवलं आहे आणि मुळात चालू असतं, ही माझी सगळ्यात मोठी तक्रार. सूचनांमध्ये मजकूर दिसणंही बंद करा, नाहीतर फोन टेबलावर पालथा ठेवायची सवय लागेल. चिन्ह बदलून साध्या हिशोबाच्या अ‍ॅपसारखं करायची सोय आहे, ती मात्र फुकट आहे आणि उत्तम चालते.

आरोग्याची माहिती प्रोफाइलमध्ये भरायला जागा असते. भरण्याआधी विचार करा. ग्राइंडर वापरणाऱ्यांची एचआयव्हीविषयीची नोंद बाहेरच्या दोन कंपन्यांकडे जात असल्याचं 2018 साली उघड झालं, आणि मग ते थांबवलं गेलं. वैध संमतीशिवाय माहिती जाहिरातदारांकडे दिल्याबद्दल नॉर्वेच्या नियामकाने त्याच कंपनीला 2021 साली साडेसहा कोटी क्रोनरचा दंड केला. गप्पांसाठी यातलं काहीच भरावं लागत नाही. माझ्या प्रोफाइलवर लोकरीच्या गुंडाळ्यांचा फोटो आणि एक ओळ आहे, आजवर काही अडलं नाही.

पैसे भरून मिळणारी आवृत्ती महिनाभर घेऊन पाहिली. जास्त चेहरे दिसतात, कोणी पाहून गेलं ते कळतं, जाहिराती जातात. ग्रुपमध्ये तिळमात्र फरक पडत नाही. पुन्हा घेतली नाही.

पाचपैकी साडेतीन. जाळीला दीड आणि ग्रुपला साडेचार देऊन मी ग्रुपच्या बाजूने थोडा झुकलो आहे. विशीतल्या, एकट्या, भेटीगाठी हव्या असलेल्या माणसाचं गणित उलटं येईल. ज्यांना आपल्यासारख्यांशी आपल्याबद्दल न बोलता बोलायचं आहे, त्यांनी वापरून पाहावं. नाही आवडलं तर फोनमधून अ‍ॅप उडवून थांबू नका, तेवढ्याने प्रोफाइल जात नाही, इतरांना दिसत राहतं. आधी सेटिंग्जमध्ये जाऊन खातं कायमचं बंद करा आणि मगच अ‍ॅप काढा.