डुप्लिकेटर प्लगिन: साइट हलवायला एक नंबर, बाकीचं तुमचं तुम्हीच बघा

वर्डप्रेसची साइट एका होस्टिंगवरून (साइट ठेवायला भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवरून) दुसऱ्या होस्टिंगवर न्यायची म्हटलं की कोणीतरी डुप्लिकेटर या प्लगिनचं, म्हणजे वर्डप्रेसला जोडायच्या जास्तीच्या प्रोग्रामचं, नाव घेतंच. क्लायंटच्या साइट बनवणं, सांभाळणं आणि हलवणं हाच माझा धंदा, आणि त्यात हे प्लगिन मी भरपूर वापरतो, तेही फ्रीवालं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात मोठा फायदा आधी सांगून टाकतो, कारण तो प्लगिनच्या पानावर असा कोणी ठळक लिहीत नाही. जुन्या होस्टिंगचं सीपॅनेल (कंट्रोल पॅनेल), एफटीपी (सर्व्हरवर फाइल्स न्यायची-आणायची सोय) वगैरे काहीही तुमच्याकडे नसलं तरी चालतं, फक्त वर्डप्रेसचं अॅडमिन लॉगिन पाहिजे. ज्यांनी हा धंदा केलाय त्यांना कळेल मी काय म्हणतोय ते. क्लायंट येतो, आधीचा डेव्हलपर फोन उचलत नाही, होस्टिंग कोणाच्या नावावर आहे ते क्लायंटलाच माहीत नाही, पण ब्लॉग टाकायला म्हणून दिलेलं अॅडमिन लॉगिन मात्र असतं. तेवढ्यावर पूर्ण साइट बाहेर काढता येते.

काम कसं चालतं तर प्लगिन आधी साइट स्कॅन करतं, मोठ्या फाइल्स कुठे आहेत, सर्व्हरची सेटिंग कुठे आडवी येईल ते दाखवतं, आणि मग दोन फाइल्स बनवून देतं. एक आर्काइव्ह, ज्यात सगळ्या फाइल्स आणि डेटाबेस, आणि दुसरी इन्स्टॉलर. दोन्ही नव्या सर्व्हरवर टाकायच्या, रिकामा डेटाबेस बनवायचा, ब्राउझरमध्ये इन्स्टॉलर उघडायचा, डेटाबेसचं नाव-युजर-पासवर्ड भरायचं, झालं. नवीन सर्व्हरवर आधी वर्डप्रेस टाकायचीसुद्धा गरज नाही. स्कॅनमध्ये नोटीस दिसली म्हणून घाबरू नका, पण मोठ्या फाइल्सची यादी मात्र वाचाच, त्यात बऱ्याचदा दुसऱ्या कुठल्यातरी बॅकअप प्लगिनने साठवलेल्या जुन्या झिप पडलेल्या असतात आणि त्या फिल्टर लावून वगळल्या की आर्काइव्ह एकदम हलकं होतं.

डोमेन बदलत असेल तर डेटाबेसमधला साइटचा पत्ता बदलायचं कामही ते नीट करतं. वर्डप्रेस बरीच सेटिंग डेटाबेसमध्ये अशी ठेवतं की मजकुरासोबत त्याची लांबीही लिहिलेली असते, त्यामुळे पीएचपीमायअॅडमिनमध्ये (डेटाबेस हाताने बदलायच्या टूलमध्ये) जाऊन सरळ जुना पत्ता खोडून नवा टाकला आणि लांबी जुळली नाही की विजेट गायब, थीमची सेटिंग गायब, आणि एरर कुठेच दिसत नाही. डुप्लिकेटर ती लांबीपण दुरुस्त करतं.

मराठी साइटवाल्यांनी एक जास्तीची गोष्ट बघा. जुनी साइट असेल आणि डेटाबेसचं कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, लॅटिनवर राहिलेलं असेल तर हलवल्यावर सगळ्या लेखांच्या जागी प्रश्नचिन्हं नाहीतर अगम्य अक्षरं येऊ शकतात. वर्डप्रेस 4.2 पासून, म्हणजे 2015 पासून, यूटीएफ-8-एमबी-4 हे सगळ्या लिपींना चालणारं कॅरेक्टर सेट वापरतं, पण त्याच्या आधीच्या साइट अजून बऱ्याच फिरतायत. अक्षरं बिघडलेली दिसली तर त्यावर काही सेव्ह करू नका, जुनी साइट चालू आहे तोवर तिथून परत डेटाबेस काढा.

आता न आवडणारं. इन्स्टॉलरच्या फाइल्स काम झाल्यावर काढाव्या लागतात. इन्स्टॉल झाल्यावर अॅडमिनमध्ये गेलं की प्लगिन त्या साफ करतं, पण खरंच गेल्या का ते फाइल मॅनेजरमध्ये जाऊन डोळ्याने बघा. हे उगाच नाही सांगत, 2018 मध्ये याच उरलेल्या इन्स्टॉलर फाइल्समधून साइट ताब्यात घेता येत होती, आणि फेब्रुवारी 2020 मध्ये वेगळीच भानगड निघाली, लॉगिन न करता कोणालाही सर्व्हरवरच्या फाइल्स डाउनलोड करता येत होत्या, डेटाबेसचा पासवर्ड असलेल्या कॉन्फिग फाइलसकट. 1.3.28 मध्ये ते बुजवलं. म्हणून माझा नियम सोपा आहे, साइट हलली की डुप्लिकेटर डिलीट, नुसतं डिअॅक्टिव्हेट नाही. पुढच्या वेळी लागलं तर परत टाकायला कितीसा वेळ लागतो.

फ्रीमध्ये मल्टिसाइट (एकाच वर्डप्रेसवर चालणाऱ्या अनेक साइट) हलत नाही, क्लाउडवर बॅकअप नाही, वेळापत्रक लावून बॅकअप नाही, ते सगळं प्रोमध्ये, म्हणजे पैसे देऊन घ्यायच्या व्हर्जनमध्ये. आणि स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर साइट मोठी असली की आर्काइव्ह बनताना मधेच टाइमआउट होतं, म्हणजे वेळेची मर्यादा संपून काम थांबतं. यात प्लगिनचा दोष कमी आणि होस्टिंगने घातलेल्या मर्यादांचा जास्त, पण क्लायंटला ते काय सांगणार.

आणि मुख्य म्हणजे प्लगिन फक्त साइट उचलून ठेवतं. ज्या गोष्टींवरून क्लायंट रात्री फोन करतो त्या सगळ्या याच्या बाहेर आहेत, आणि त्यात पहिला नंबर ईमेलचा. जुन्या होस्टिंगवरच मेल असेल तर मेलबॉक्स तिथेच राहतात, साइटबरोबर येत नाहीत, ते वेगळे न्यायला आयमॅपसिंकसारखं टूल लागतं. मेल दुसरीकडे असला तरी नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी ठेवणारे सर्व्हर) बदलले की पूर्ण डीएनएस झोन, म्हणजे डोमेनच्या सगळ्या नोंदींचा संच, नवा होतो, मग एमएक्स, एसपीएफ, डीकिम या मेलच्या नोंदी सगळ्या नवीन ठिकाणी आधीच टाकून ठेवलेल्या पाहिजेत. म्हणून शक्य असेल तर मी नेमसर्व्हरला हातच लावत नाही, फक्त ए रेकॉर्ड (डोमेन कुठल्या सर्व्हरच्या आयपीवर जातं ती नोंद) बदलतो, आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवाला रेकॉर्ड वेगळा असेल तर तोपण. आदल्या दिवशी टीटीएल (जुनी नोंद इतरांकडे किती वेळ जपून राहते तो आकडा) 300 सेकंदांवर आणून ठेवायचा, नाहीतर 86400 असेल तर अर्धे लोक दिवसभर जुनीच साइट बघतात आणि क्लायंट म्हणतो काहीच बदललं नाही.

डीएनएस बदलायच्या आधी नवी साइट तपासायची असेल तर आपल्या कॉम्प्युटरच्या होस्ट्स फाइलमध्ये (कॉम्प्युटर डीएनएसच्या आधी जी बघतो त्या फाइलमध्ये) डोमेनसमोर नव्या सर्व्हरचा आयपी लिहा, आणि इन्स्टॉलरही तसाच चालवा. मग डोमेन तेच असल्यामुळे पत्ता बदलायचा प्रश्नच येत नाही. ब्राउझर एसएसएलची (सुरक्षित कनेक्शनच्या सर्टिफिकेटची) वॉर्निंग देईल, कारण फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं व्हेरिफिकेशन डोमेन जिकडे जातंय तिकडे होतं, म्हणजे अजून जुन्या सर्व्हरवर. त्यामुळे डीएनएस फिरवल्यावर लगेच सर्टिफिकेट काढायला बसायचं, चहाला जायचं नाही. आणि काम झाल्यावर होस्ट्समधली ती ओळ काढा, नाहीतर साइट फक्त तुमच्याच मशीनवर चालते आणि तुम्ही क्लायंटशी वाद घालत बसता.

दुकान असलेली साइट असेल तर आर्काइव्ह बनवल्यापासून डीएनएस फिरेपर्यंत येणाऱ्या ऑर्डर जुन्या डेटाबेसमध्ये जातात आणि तिथेच राहतात. डुप्लिकेटर दोन डेटाबेस एकत्र करून देत नाही. त्यामुळे जुन्या साइटवर चेकआउट बंद ठेवायचं, वेळ क्लायंटला लेखी कळवायची, आणि शुक्रवारी संध्याकाळी तर हे काम अजिबात घ्यायचं नाही.

वर्डप्रेस पीएचपी या भाषेत चालतं, तेव्हा नवीन सर्व्हरचं पीएचपी व्हर्जनही बघून घ्या. 7.4 चा सपोर्ट नोव्हेंबर 2022 मध्येच संपलाय, नवी होस्टिंग सरळ 8 च्या पुढचं देते आणि मग जुनी थीम पांढरी स्क्रीन दाखवते. आधी जुन्या व्हर्जनवर साइट उभी करा, चालली की मग वाढवा, म्हणजे बिघाड हलवल्याने झाला की पीएचपीने ते कळतं.

आता हे सगळं वाचून कळलं असेल की प्लगिन फुकट आहे म्हणून मायग्रेशन (साइट हलवायचं काम) फुकट देऊ नका. कोटेशनमध्ये त्याची वेगळी ओळ टाका, त्यात मेल आहे की नाही ते स्पष्ट लिहा, आणि जुनं होस्टिंग किमान महिनाभर चालू ठेवायचं हे क्लायंटकडून कबूल करून घ्या. डोमेन नेहमी क्लायंटच्या स्वतःच्या खात्यात ठेवा. होस्टिंग बदलायला डोमेन ट्रान्सफर करावं लागत नाही हे क्लायंटला दहा वेळा सांगावं लागतं, सांगा, कारण हौसेने दोन्ही एकदम केलं तर गोंधळ नक्की.

एकंदर छोट्या आणि मध्यम साइटला डुप्लिकेटरला माझे पाचपैकी चार. एक मार्क कापला तो इन्स्टॉलरच्या फाइल्ससाठी. मोठं दुकान किंवा मल्टिसाइट असेल आणि दोन्हीकडे एसएसएच (सर्व्हरवर कमांड चालवायची सोय) मिळत असेल तर प्लगिनच्या नादी लागू नका, फाइल्स आरसिंकने न्या, डेटाबेस डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या कमांड टूलने, आणि पत्ता बदलायचं सर्च-रिप्लेस आधी ड्राय-रन (काही न बदलता फक्त चाचणी) लावून चालवा.