आरिता, कुतानी की तोबे? जपानी पोर्सिलिन घेण्याआधी

जपानी पोर्सिलिन, म्हणजे चिनी मातीची भांडी, पहिल्यांदा बघताना सगळं एकसारखंच वाटतं, कारण पानं, फुलं आणि पक्षी सगळ्यांवरच असतात. पण प्रत्येक गावाची निसर्गाकडे बघायची नजर वेगळी आहे. भांडं रोज वापरात राहील की कपाटात, हे बरंचसं त्या नजरेवर ठरतं.

आरिता हे क्यूशू बेटावरच्या सागा प्रांतातलं गाव. कोरियातून आणलेल्या यी साम-प्योंग या कारागिराला १६१६ च्या सुमारास इथल्या इझुमियामा डोंगरात पोर्सिलिन ज्यापासून बनतं तो दगड सापडला, असं परंपरा सांगते. माल इमारी बंदरातून बाहेर जायचा, म्हणून जुन्या आरिता भांड्यांना ‘इमारी’ही म्हणतात. इथली काकिएमोन शैली मला सगळ्यात प्रिय आहे. तिच्या दुधाळ पांढऱ्या रंगाचं नाव ‘निगोशिदे’. निगोशि म्हणजे तिथल्या बोलीत तांदळाचं धुवण. बशीच्या एका कडेला फुललेली फांदी, खाली लावे पक्ष्यांची जोडी, आणि उरलेली बशी कोरी. त्या कोऱ्या जागेत वाढलेला पदार्थ उठून दिसतो. मात्र ही भांडी महाग असतात, आणि वरचे रंग झिलईवर, म्हणजे भांड्यावरच्या चकचकीत थरावर, चढवून पुन्हा कमी आचेवर भाजलेले असल्याने घासणीपासून जपावे लागतात.

कुतानीचं वळण अगदी उलटं. इशिकावा प्रांतात १६५५ च्या सुमारास सुरू झालेल्या या कामात हिरवा, पिवळा, जांभळा, गडद निळा आणि लाल असे पाच रंग. काही शैलींत तर पांढरं बोटभरही उरत नाही. बोट फिरवलं की रंगाचा थर उंचवट्यासारखा जाणवतो. भिंतीवर किंवा सणाच्या दिवशी मधोमध ठेवायला यासारखं काही नाही. पण आमटी वाढली की चित्र झाकलं जातं आणि आमटीही त्या रंगांत हरवते. सोनेरी काम असेल तर मायक्रोवेव्ह वर्ज्य.

रोजच्या जेवणासाठी माझं मत तोबेला. शिकोकू बेटावरच्या एहिमे प्रांतात धार लावायचे दगड काढले जात. त्यांच्या टाकाऊ चुऱ्यातून १७७७ मध्ये इथलं पोर्सिलिन जमलं. वाटी हातात घेतली की आधी जाणवतं ते वजन. कड जाड आणि गोलसर, तिचा टवका सहज उडत नाही. भांडणात फेकली तरी फुटत नाही म्हणून तिला ‘भांडणाची वाटी’ म्हणायचे! वर निळ्या कोबाल्टने ओढलेली एखादी वेल: कुंचला टेकला तिथे गडद, उचलला तिथे विरळ. ही निळाई झिलईच्या खाली असल्याने कितीही घासा, जात नाही. हळदीचा डागही या काचेसारख्या झिलईला धरत नाही. फक्त बुडाची कोरी कड खरखरीत असते. एकावर एक रचताना मध्ये कापड घाला.

बजेट फारच आखडतं असेल तर आरिताच्या शेजारचं हासामी बघा. तिथे साचे, भाजणी, रंगकाम अशी कामं वाटलेली असतात, त्यामुळे किंमत आवाक्यात राहते.

हातानं रंगवलेलं आणि छापील यात फसू नका. एकाच नक्षीच्या दोन बश्या शेजारी ठेवा. दोन्हींवर पानाची शीर तंतोतंत त्याच जागी संपत असेल तर ती छपाई. मग बशी तळहातावर पेलून कडेला हलकी टिचकी मारा. खणखणीत, लांबत जाणारा नाद हवा. भद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे.

एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा: जपानात संच परंपरेनं पाचाचा असतो, आपल्यासारखा सहाचा नव्हे. सहावी बशी हवी असेल तर त्याच खेपेला त्याच भट्टीची मागून घ्या. नंतर घेतलेल्या बशीची निळाई थोडी वेगळी पडू शकते.