गंगापूर रोडवरील पियानोवर्ग: आधी सूर, मग गाणे

पंधरा वर्षे संवादिनी वाजवल्यानंतर गेल्या जूनमध्ये मी नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका छोट्या पियानोवर्गात नाव घातले. शिक्षिका आपल्या राहत्या घरी, तळमजल्यावरच्या खोलीत शिकवतात. एका वेळी एकच विद्यार्थी, आठवड्यातून एक तास, महिन्याला २,५०० रुपये शुल्क, आणि समोर खरा, लाकडाचा आणि तारांचा उभा पियानो. मी आधी चौकशी केलेल्या दोन्ही ठिकाणी कीबोर्डवरच शिकवत होते, त्यामुळे या पियानोसाठीच मी इथे आले. टिकून राहिले ते मात्र बाईंच्या शिकवण्यामुळे.

संवादिनीत आवाजाचा जोर भात्यात असतो. बोटाने पट्टी हळू दाबली काय किंवा जोरात दाबली काय, हवा मिळते तोवर सूर तसाच टिकतो. पियानोत याच्या अगदी उलट आहे, आणि हे बाईंनी पहिल्याच तासाला तोंडाने न सांगता दाखवले. त्यांनी पियानोची समोरची फळी काढून ठेवली आणि मला एक पट्टी इतकी हळू दाबायला सांगितली की आवाज येताच कामा नये. पट्टी जेमतेम १० मिलिमीटर खाली जाते. त्यातल्या शेवटच्या टप्प्यात बोटाला एक बारीक अडखळ जाणवते, आणि नेमक्या त्याच क्षणी नमदा लावलेली हातोडी पट्टीपासून सुटून स्वतःच्या वेगाने तारेकडे जाते. एकदा ती सुटली की बोटाच्या हाती काही उरत नाही. सूर वाजल्यानंतर पट्टीवर जोर देऊन तो गोड होईल, या समजुतीने मी मनगट आवळून बसत असे. ती सवय डोळ्यांसमोर हातोडी पाहिल्यावर सुटू लागली. १७०० च्या सुमारास इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये वाद्ये बनवणाऱ्या क्रिस्टोफोरी यांनी ही रचना केली ती हळू आणि जोरात असे दोन्ही वाजवता यावे म्हणूनच, कारण तार छेडून वाजणाऱ्या हार्पसिकॉर्ड या जुन्या पट्ट्यांच्या वाद्यामध्ये बोटाने आवाज कमीजास्त करण्याची सोय जवळपास नव्हती.

बाईंची मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे त्या ‘स्पर्शा’चे गूढ वाढवून सांगत नाहीत. एकटा सूर घेतला तर तो मुख्यतः हातोडीच्या वेगावर ठरतो, हे त्या स्पष्ट सांगतात. गोडवा येतो तो एका सुराच्या दुसऱ्या सुराशी असलेल्या नात्यातून, आणि म्हणून कानाची मेहनत बोटांच्या आधी. त्यांचा एक पाठ मी रोज घरी करते. एक सूर घ्यायचा, तो विरत जाताना ऐकत राहायचे, आणि पुढचा सूर पहिल्या सुराचा जेवढा आवाज शिल्लक असेल तेवढाच घ्यायचा. पियानोचा सूर वाजताक्षणी ओसरू लागतो, त्याला मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, नाही. तरीही या पाठाने दोन सूर गळ्यातून आल्यासारखे जोडले जातात. दुसरा पाठ सा-ग-प एकत्र घेऊन त्यातला फक्त पंचम करंगळीने पुढे आणण्याचा आहे. तो मला तीन महिन्यांनी जमला, आणि अजूनही दहातून चार वेळा फसतो.

हाताची ठेवण शिकवताना त्यांनी अंगठा आणि करंगळी पांढऱ्या पट्ट्यांवर व मधली तीन बोटे काळ्यांवर ठेवायला लावली. पियानोसाठी रचना करणारे संगीतकार शोपँ आपल्या विद्यार्थ्यांना हीच ठेवण आधी देत असत. लांब बोटांना उंच पट्ट्या मिळाल्या की हात आपोआप सैल राहतो.

एका तासाला बाईंनी मध्य सप्तकातले सा-ग-प आवाज न करता दाबून धरायला सांगितले आणि स्वतः दोन सप्तके खालचा सा झटकन वाजवून सोडला. खालचा सूर थांबला, पण वरचे तिन्ही मंदपणे गात राहिले. तानपुऱ्याच्या खर्जातून, कोणी न छेडता आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार मी लहानपणापासून ऐकत आले आहे. तोच गंधार या परक्या वाद्यातून ऐकताना माझे डोळे भरून आले. पियानोचे पायाने दाबायचे पेडल म्हणजे आवाज वाढवण्याचे साधन नव्हे, या जागलेल्या तारांना मोकळे सोडण्याचे आणि वेळेवर मिटवण्याचे साधन आहे, हे मला तेव्हा उमगले.

उणिवाही सांगायला हव्यात. पावसाळ्यात हवेतल्या दमटपणाने लाकूड फुगते आणि सूर चढतात. ऑगस्टमध्ये मधले सप्तक बेसूर झाले होते आणि वाद्य सुरात लावणारा माणूस तब्बल पाच आठवड्यांनी आला. सुराच्या कानाला ते पाच आठवडे फार जड गेले. संध्याकाळी रस्त्यावरच्या हॉर्नमुळे हळू वाजवलेले काही ऐकू येत नाही, म्हणून शक्य असल्यास सकाळची वेळ मागून घ्यावी. परीक्षेची तयारी किंवा चार महिन्यांत सिनेमातली गाणी हवी असतील, तर हा वर्ग त्यासाठी नाही. पहिले पूर्ण गाणे मला पाचव्या महिन्यात मिळाले.

घरी सरावासाठी वजनदार पट्ट्यांचा, ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो असावा असा बाईंचा आग्रह आहे आणि तो मला पटतो, कारण स्प्रिंगच्या हलक्या पट्ट्यांवर बसलेली बोटे इथे आल्यावर एकतर आपटतात किंवा मुकी राहतात. माझ्या घरच्या वाद्यावर तो गंधार मात्र तसा उमटत नाही. म्हणून सकाळी साडेसातच्या तासाला मी बाईंच्या परवानगीने दहा मिनिटे आधी जाते, तीन पट्ट्या दाबून धरते आणि खालचा सा वाजवते.