एका लीडचा खिशातला ईसीजी: काही महिने वापरल्यावर

धडधड व्हायची, पण दवाखान्यात ईसीजी काढेपर्यंत सगळं शांत. म्हणून हे यंत्र घेतलं. धातूच्या दोन चकत्यांवर दोन्ही हातांची बोटं ठेवून ३० सेकंद स्वस्थ बसायचं, की फोनवर ईसीजीच्या आलेखाची पट्टी येते. ईसीजीसाठी १९२४चं नोबेल मिळवणाऱ्या शास्त्रज्ञ आइन्थोव्हेननं खाऱ्या पाण्याच्या भांड्यांत हात बुडवून घ्यायला लावले, तेव्हाची पहिली लीड (दोन हातांमधून हृदयाची वीज टिपणारी जोडणी) ती हीच. भांडी तेवढी गेली!

यंत्राच्या निकालापेक्षा मला पट्टीच जास्त कामाची वाटते. यंत्र मुख्यतः एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेताल थरथर, शोधतं, बाकीच्याकडे त्याचं फारसं लक्ष नसतं. माझ्या पट्टीत मधूनच एक रुंद, बेढब ठोका वेळेआधी येतो, त्याच्याआधी पी लाट (वरचे कप्पे आकुंचन पावण्याआधीचा छोटा उंचवटा) नसते आणि नंतर मोठी फट पडते. खाली निकाल मात्र कधी ‘सामान्य’, कधी ‘सांगता येत नाही’. डॉक्टरांनी पट्टी पाहताच सांगितलं की हे हृदयाच्या खालच्या कप्प्यातून येणारे जादा ठोके आहेत. छातीत धक्का बसल्यासारखा वाटतो तो बहुधा त्या फटीनंतरच्या जोरदार ठोक्याचा.

ठोक्यांमधली अंतरं पाहायला जुनी युक्ती अजून उत्तम: कागदाच्या कडेवर लागोपाठच्या दोन-तीन आर टोकांच्या (प्रत्येक ठोक्याच्या उंच सुळक्याच्या) खुणा करायच्या आणि कागद पुढे सरकवत न्यायचा. खुणा कुठेच जुळत नाहीत आणि पी लाटाही दिसत नाहीत, तर एट्रियल फिब्रिलेशनची शंका घ्यावी. अंतरं श्वासाबरोबर हळूहळू कमी-जास्त होत असतील आणि प्रत्येक ठोक्याआधी पी लाट असेल, तर काळजीचं कारण नाही, तरुणांत ते नेहमीचंच. अशा अनियमित पट्टीत मिनिटाचे ठोके काढायला ३० सेकंदांतले ठोके मोजून दुप्पट करावेत. ३०० भागिले दोन आर टोकांमधले पट्टीवरचे मोठे चौकोन हा हिशोब लय सारखी असेल तरच खरा.

हात कापला की मधली रेघ थरथरते, पी लाटा बुडतात आणि यंत्र उगाच घाबरवतं. आर टोकं समान अंतरावर असतील तर दोष बहुधा हाताचा. कोपर टेबलावर टेकवून पुन्हा घ्यावं.

हार्ट अटॅक यात कळत नाही, त्याला बारा लीडचा ईसीजीच लागतो. छातीत दुखत असेल तर हे यंत्र हातातही न घेता थेट हॉस्पिटल गाठावं. तपासणीला जाताना मी पीडीएफ नेतो, प्रत्येक पट्टीवर तेव्हा काय जाणवत होतं ते लिहून. डॉक्टर आधी तेच वाचतात.